आठवं नाव डावरीचं

फोन वाजला तेव्हा मी घोडेगावच्या कचेरीत कुणाच्या तरी सातबाऱ्याच्या नकलेवर शिक्का मारत होतो. अन्वरभाईंचा नंबर दिसला आणि मला वाटलं, अमेरिकेच्या टेनिस स्पर्धेची यादी यंदा वेळेआधीच लागली की काय. हॅलोही न म्हणता मी विचारलं, "लागली का यादी?" ते म्हणाले, "यादी नाही रे दिलीप. आत्या गेल्या." अन्वरभाई ओतूरला काही कामासाठी आले होते, नेहमीप्रमाणे वाट वाकडी करून तिच्याकडे डोकावले, तर ती ओट्यावरच्या खुर्चीत बसलेली. चहाची कपबशी रिकामी करून बाजूला ठेवलेली, चष्मा डोळ्यांवर. अन्वरभाईंनी दोन हाका मारल्या. तिसरी मारायची गरज उरली नाही.

याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत आत्याबद्दल मी इतकं गोड गोड ऐकलंय की एखाद्या अनोळखी बाईच्या दुखवट्याला जाऊन आल्यासारखं वाटतं. म्हणून आधीच सांगून टाकतो, माझी सुमनआत्या गोड नव्हती. ती भांडायची, टोमणे मारायची, आणि चूक समोरच्याची असेल तर त्याने ती कबूल करेपर्यंत त्याच्या ताटात दुसरी भाकरी पडत नसे. ओतूरच्या पुढे, डिंगोऱ्याच्या वाटेवरच्या एका वाडीत तिचं सासर. वाडीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तिथल्या यात्रा कमिटीचं जे सांगणार आहे ते ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. मामा, म्हणजे तिचे यजमान, तीस वर्षं त्या कमिटीचे सेक्रेटरी. मुलगा चाकणला कंपनीत, सून-नातवंडं तिकडेच. मामा गेल्यावर ती एकटी राहायची, आणि एकटी राहते म्हणून कुणी कळवळलं की जाम चिडायची.

अशा बाईचा आणि टेनिसचा संबंध काय, असं मला अजूनही लोक विचारतात. झालं असं, की काही वर्षांपूर्वी जून महिन्यात गोठ्यात पाय घसरून तिचं मांडीचं हाड मोडलं आणि ऑपरेशननंतर मी तिला घोडेगावी घरी आणलं. दीड-दोन महिने कॉटवर. मला टेनिस बघायचं वेड कॉलेजपासूनचं, त्यामुळे लंडनची ती हिरवळीवरची मोठी स्पर्धा सुरू झाली की कचेरीतून आल्या आल्या टीव्ही लावायचा, हा माझा नेम. पहिले दोन दिवस आत्याने भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी तिने मान वळवली, कारण खाली पट्टीवर खेळाडूंचे क्रमांक येत होते आणि आकडे इंग्रजीत असले तरी तिला वाचता यायचे.

"ही पोरगी तीनशेच्या पल्याडची," ती म्हणाली. "मग ही हितं काय करती? पहिल्या शंभरातच घेत्यात म्हनला व्हतास ना?"

मी समजावून सांगितलं. बहुतेक खेळाडू क्रमवारीवर थेट येतात, काही पात्रता फेरी खेळून, घाम गाळून येतात. पण आठ जागा आयोजकांच्या हातात असतात. त्या त्यांनी मर्जीने द्यायच्या, क्रमवारीचं बंधन नाही. याला वाइल्डकार्ड म्हणतात.

आत्या कोपरावर उठून बसायला लागली. डॉक्टरांनी मनाई केली होती, मी धावलो, तर म्हणाली, "सोड रं. अरे, ह्या तर राखीव बाऱ्या!"

इथे परगावच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्या जुन्नर-आंबेगावात यात्रेला बैलगाडे पळतात, आणि धावेच्या चढाला घाट, तर गाड्याच्या एका धावेला बारी म्हणतात. बारी हवी तर टोकन घ्यायचं, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो, सगळं चोख. फक्त चार-पाच बाऱ्या कमिटी स्वतःच्या मुठीत ठेवते. त्या कुणाला द्यायच्या, हे कमिटी बसून ठरवते. आणि आमच्या वाडीची कमिटी तीस वर्षं बसली ती आत्याच्या ओटीवर. आत्या आत चुलीपाशी. चहाच्या किती फेऱ्या झाल्या म्हणजे कुणाचं नाव पक्कं होतं, हेही तिला ठाऊक होतं. तिला कधी कुणी मत विचारलं नाही. तिने ऐकणं मात्र कधी बंद केलं नाही.

"एक बारी आपल्या गावच्या पोराला," ती कॉटवर बसून मला सांगू लागली, "मग त्याचं बैल कसं का असंना. एक जुन्या नावाजलेल्याला, कारण त्याला बघाया मानसं येत्यात. गेल्या साली ज्या गावानं आपल्याला दिली त्या गावाला परत द्यावी लागती. कुनी दुखन्यातनं उठलेला आसला की त्याची दया येती. आनि एक आसती कुनाच्या तरी पुतन्याची." ज्या गोष्टी समजायला मला वीस वर्षं लागली होती, त्या ती एका संध्याकाळी, पाय उशांवर ठेवलेल्या अवस्थेत, घडाघडा बोलून गेली होती.

पुढची मोठी स्पर्धा अमेरिकेची, ऑगस्टच्या शेवटी. त्यातल्या महिलांच्या आठ वाइल्डकार्डांची यादी तिने आधीच सांगितली आणि मी लिहून घेतली. आठपैकी सहा बरोबर आली. मी ही गंमत जुन्नरला अन्वरभाईंना सांगितली. अन्वरभाई म्हणजे माझे टेनिसचे दोस्त. बाजारपेठेत घड्याळदुरुस्तीचं तीन पिढ्यांचं दुकान, आणि यात्रांच्या दिवसांत घाटावर बाऱ्यांची वेळ मोजणारं घड्याळ लावायला पंचक्रोशीत त्यांनाच बोलावणं. माणूस आकड्यांचा. कोण किती सामने जिंकलं, कुणाच्या गुडघ्याला काय झालं, सगळं तोंडपाठ. त्यांनी स्वतःची यादी केली होती, त्यांची चार आली होती. ते चकित झाले आणि थोडे दुखावलेही. पुढच्याच रविवारी खास आत्याला भेटायला आले. तिने त्यांना चहा दिला आणि विचारलं, "तुमी घड्याळावर इस्वास ठेवता ना?"

"सेकंद खोटं बोलत नाही आत्या," अन्वरभाई म्हणाले.

"खरंय. पर सेकंदापोत्तर पोचाया आधी बारी मिळावी लागती."

अन्वरभाई हसले आणि त्या दिवसापासून तिचे झाले. वर्षाला चार मोठ्या स्पर्धा, चार याद्या. नक्कल होऊ नये म्हणून दोघांनी आपापली यादी बंद पाकिटात माझ्याकडे द्यायची आणि खरी यादी जाहीर झाली की मी पाकिटं फोडायची, असा रिवाज पडला. आत्याची यादी नेहमी लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. निकाल लागला की ती पत्रिका ती खुंटीच्या तारेला ओवून टाकायची. तिची पद्धत ठरलेली होती. स्पर्धेआधी दीड महिना थेट प्रवेशाची यादी येते, ती मी तिला वाचून दाखवायची. आत कोण आलं यात तिला काडीचा रस नव्हता. दाराशी कोण अडकलं ते ती विचारायची. मग यजमान देश कुठला, तिथे मुलींची राष्ट्रीय स्पर्धा कुणी जिंकली, गेल्या वर्षी कुणी कुणाला उपकार म्हणून जागा दिली... एकदा तिने मेलबर्नच्या यादीत एका सोळा वर्षांच्या अनोळखी पोरीचं नाव घातलं. अन्वरभाई म्हणाले, हिला कोण ओळखतं? आत्या म्हणाली, हिचा फोटो त्यांच्या जाहिरातीत येतोय, बारी दिल्याबिगर राहत्यात व्हय? मिळाली.

आता डावरीबद्दल.

डावरी ही डाव्या हाताने खेळणारी एक बाई. पूर्व युरोपातल्या एका चिमुकल्या देशाची. खरं नाव मी लिहीत नाही. आत्यानेही ते कधी उच्चारलं नाही, तिच्या जिभेवर ते बसतच नव्हतं. ऐन बहरात ती एकदा लंडनला बऱ्यापैकी पुढे गेली होती, मग खांद्याचं दुखणं, मग बाळंतपण, आणि परत आली तेव्हा क्रमवारीत दोनशेच्याही खाली. वय चौतीस. आत्याने तिला एका बाजूच्या कोर्टवर पाहिलं होतं, जिथे पन्नाससुद्धा प्रेक्षक नव्हते. सामना हरत आलेला, आणि ही बाई प्रत्येक चेंडूमागे अशी धावत होती की जणू तो शेवटचाच. आत्या पाय दाबून घेत होती ती थांबली. "हिला का देत न्हाईत वाइल्डकार्ड?" मी म्हणालो, तिच्या देशात मोठी स्पर्धाच होत नाही, मग तिच्यासाठी कोण बोलणार? "म्हंजी तिच्या गावाला यात्राच न्हाई," आत्या म्हणाली.

त्यानंतरच्या प्रत्येक यादीत सात नावं डोकं लावून आणि आठवं नाव डावरीचं. प्रत्येक यादीत. आणि प्रत्येक वेळी ते चुकायचं. अन्वरभाई आकड्यांचे, त्यांना हे सहन होईना. "आत्या, आठवं नाव का वाया घालवता? तिथे दुसरं लिहिलं असतं तर गेल्या खेपेला तुम्ही जिंकला असता."

"वाया कसं?" ती कडाडली. "सात त्येंच्या मनातली, एक माझ्या मनातलं. सगळीच त्येंच्या मनातली लिव्हली तर मी कशाला पायजेल?"

मला तेव्हा हा म्हातारपणीचा हट्ट वाटला. आज तसं वाटत नाही. समोरच्याचं मन ओळखता येणं ही एक गोष्ट, आणि ते ओळखूनही त्याच्या होला हो न म्हणणं ही दुसरी. हुशार माणसं पहिलीवर थांबतात. मीही थांबलो होतो.

बैलगाड्यांवरची बंदी उठली आणि वाडीत पहिली यात्रा ठरली, त्या वर्षीची गोष्ट. बंदीच्या वर्षांत भल्याभल्यांनी बैल विकून टाकले होते. घाटघरच्या बाजूला डोंगरात राहणाऱ्या हौसाबाईने विकले नव्हते. तिचा नवरा त्याच काळात गेला, लोकांनी सांगितलं वीक, बैल बसून खातात. तिने जोडी सांभाळली. गाड्याला दोन जोड्या लागतात, म्हणून दुसरी भावाची घेऊन ती टोकन मागायला आली तोवर टोकनं संपलेली. कमिटीच्या मुठीत पाच बाऱ्या होत्या. ती आत्याकडे येऊन ओट्यावर बसली, काही मागितलंसुद्धा नाही, नुसती बसली. आत्याने कमिटीचे अध्यक्ष नाना यांच्याकडे विषय काढला. नाना म्हणाले, "इचार करू की वहिनी. सगळ्यांचाच इचार करायचाय."

त्या संध्याकाळी मीटिंग होती. मामा नव्हते तरी मीटिंग सवयीने आत्याच्याच ओटीवर. मी आणि अन्वरभाई घाटावरच्या घड्याळाचं ठरवायला आलो होतो, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलं. आत्याने चहाचा ट्रे आणला, सगळ्यांना कप दिले, आणि नानांच्या बशीशेजारी एक बंद पाकीट ठेवलं. "तुमी ठरवा," ती म्हणाली. "ठरवून झालं की मंग हे उघडा." आणि आत निघून गेली.

तासभर चर्चा झाली. कुणाचा मान राहिला पाहिजे, कुणी गेल्या खेपेला काय केलं, तरुणांना संधी, सगळं झालं. पाच नावं ठरली. नानांनी पाकीट फोडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. शेजारच्याने पत्रिका ओढून मोठ्याने वाचली. तीच पाच नावं. इतकंच काय, ज्या क्रमाने ठरली त्याच क्रमाने. पाचवं नाव नानांच्या पुतण्याचं.

"वहिनी!" नाना ओरडले. "आतलं कुनी फोडलं?"

आत्या दारात आली. पदराला हात पुसत म्हणाली, "फोडाया आत हाय काय नाना? तासभर इचार केला म्हनता. तुमचा इचार मी सकाळीच लिव्हून ठिवला व्हता. मंग हौसाबाईचा इचार कंदी केला ते सांगा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. अन्वरभाई खाली मान घालून मनगटावरचं घड्याळ बघू लागले. नाना म्हणाले, शब्द दिलेत, आता नावं बदलता येत नाहीत. आत्या म्हणाली, चार शब्द पाळा, पुतण्या घरचाच हाय, त्याला दिलेला शब्द घरात मोडा. ती दारातून हलेना. बसलेल्या माणसांना उठून जायचं तर तिच्यासमोरूनच जावं लागणार होतं. शेवटी नानांनी पेन काढलं आणि पाचवं नाव खोडलं.

हौसाबाईचा गाडा पळाला. मला इथे लिहायला आवडलं असतं की तो घाटाचा राजा ठरला, पण अन्वरभाईंच्या घड्याळात आलेली वेळ अगदीच बेताची होती. बक्षिसाच्या आसपासही नाही. बारी संपल्यावर नाना मुद्दाम आत्याकडे येऊन म्हणाले, "बघितलं ना वहिनी? हरली." आत्याने भर घाटात, शेकडो माणसांत, कमरेवर हात ठेवले. "हरली ना? मंग झालं तर! हराया बी आत यावं लागतंय नाना. तेवढंच मागितलं व्हतं." हौसाबाई बैलांच्या पाठीवर भंडारा उधळत होती आणि रडत होती. मला त्या क्षणी आत्याचा इतका अभिमान वाटला की मी तिच्या पायाच पडलो. ती म्हणाली, "ऊठ, लोकं बघत्यात."

यंदाच्या जूनमध्ये तिचं हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. नारायणगावच्या दवाखान्यात आठ दिवस ठेवलं. त्याच आठ दिवसांत लंडनची यादी जाहीर झाली. मी व्हरांड्यात उभा राहून फोनवर बघितली. डावरी नव्हती. तिचं हे बहुधा शेवटचंच वर्ष, असं कुठेतरी वाचलं होतं... आणि आत कॉटवर नाकात नळी घातलेली आत्या. मी आत गेलो आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "आत्या, यादी लागली. डावरीला मिळालं!"

अन्वरभाई स्टुलावर बसले होते, त्यांनी चमकून माझ्याकडे पाहिलं आणि नजर खिडकीकडे वळवली. आत्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं, हे मी शपथेवर सांगतो. मग तिने डोळे बारीक केले.

"कुनाच्या जागी?"

मी गडबडलो. सुचलं ते एका इंग्लिश मुलीचं नाव घेतलं. आत्याने नळीसकट मान हलवली. "तिला न्हाई काढायचं ते. घरची पोर हाय, गेल्या साली दोन फेऱ्या जिकली. खोटं बोलतोस." आणि मग, श्वास लागत असताना, थांबत थांबत म्हणाली, "मला... वाइल्डकार्ड देतो व्हय रं? म्हातारी मरायली म्हनून? मी मागितलं व्हतं का?"

मी रडायला लागलो. तिने मला रडू दिलं, समजूत काढली नाही. नंतर म्हणाली, "मेल्यावं बी आसलंच करशील. पेपरात लिव्हशील, आत्या लई मायाळू व्हती. वाच आता खरी यादी." मी वाचली. तिने बोटांवर मोजलं. पाच बरोबर. पुढच्या आठवड्यात डावरी पात्रता फेरीत खेळली आणि दुसऱ्याच सामन्यात हरली. तो निकाल मी तिला काहीही न लपवता सांगितला. "चल, अमेरिकेची कंदी हाय?" तिने विचारलं. दवाखान्यातून घरी गेल्यावर जुलैत तिने अमेरिकेची यादी केली, पाकिटात घालून अन्वरभाईंच्या हाती मला पाठवली. नंतर आठवडाभरात ती गेली.

दशक्रिया मांडवी नदीच्या काठावर झाली. आमच्याकडे दशक्रियेला भाषणं होतात, हे सांगायला नकोच. माईक नानांच्या हातात. नाना म्हणाले, "सुमनवहिनी म्हंजी आमच्या कमिटीची अन्नपूर्णा. तीस वर्षं चहापानी केलं, पर कंदी वर तोंड करून बोलल्या न्हाईत. सोशिक माउली." गर्दीत बसलेल्या दोघातिघांना खोकला आला. नाना पुढे म्हणाले, "त्येंच्या स्मरणार्थ पुढच्या यात्रेपासून एक बारी राखीव ठिवायचं कमिटीनं ठरवलंय. योग्य गाडामालक बघून कमिटी ती देईल." माना डोलल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिच्याच नावाने त्यांना मुठीत आणखी एक बारी हवी होती!

मी उठलो. सभेत बोलायची मला सवय नाही, कचेरीत साहेबांपुढेही माझी बोबडी वळते. पण माईक घेतला. "नाना, एक दुरुस्ती," मी म्हणालो. "माझी आत्या वर तोंड करूनच बोलायची, आणि तुमच्याशीच बोलायची. ती सोशिक नव्हती. तिच्या नावाची बारी द्यायची असेल तर ती कमिटीने द्यायची नाही. ज्यांना टोकन मिळालं नाही त्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या टाका आणि हौसाबाईंना एक काढू द्या. ते जमत नसेल तर तिचं नाव लावू नका."

नाना सावध हसले. "बघू की दिलीपराव. मीटिंगमधी घिऊ इषय."

"मीटिंगमध्ये काय ठरेल ते आत्ताच पाकिटात लिहून देऊ का?"

दशक्रियेला हसू नये म्हणतात. पण आधी मागच्या रांगेत बायका हसल्या, मग पुरुष, मग ज्यांना पाकिटाची गोष्ट ठाऊक नव्हती तेसुद्धा. हौसाबाई तोंडाला पदर लावून हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. नानांचं उत्तर अजून आलेलं नाही. हे छापून आल्यावर कदाचित येईल. नाही आलं तर मी यात्रेच्या मीटिंगला जाऊन दारात उभा राहणार आहे, आणि मला तिथून हलवायचं कसं ते त्यांचं त्यांनी बघावं.

अमेरिकेची यादी मागच्या आठवड्यात लागली. मी आणि अन्वरभाई दोघंही वाडीवर गेलो, तिच्या घराचं कुलूप काढलं आणि ओटीवर बसून तिचं पाकीट फोडलं. कुणाची तरी सोनेरी नक्षीची लग्नपत्रिका, मागे तिचं ठसठशीत अक्षर, शेवटच्या ओळी थोड्या वाकड्या झालेल्या. अन्वरभाईंच्या यादीतली पाच बरोबर आली होती, आत्याची सहा. डावरी नाही. चुकलेल्या नावावर ती लाल पेनाने फुली मारायची, पेन तिथेच कोनाड्यात होतं. सातांतल्या एका नावावर मी फुली मारली. आठव्यावर पेन नेलं तेव्हा अन्वरभाईंनी माझा हात धरला. "राहू दे रे," ते म्हणाले. "तेवढ्यावर नको. गेल्या त्या आता."

मला दवाखान्यातला तिच्या कॉटजवळचा तो दिवस आठवला आणि मी फुली मारली. चांगली ठळक. पत्रिका तारेला ओवली. मग पत्रिकांच्या गठ्ठ्यातून एक कोरी बघून काढली, तिच्यावर मेलबर्न असं लिहिलं आणि एक ते आठ आकडे घातले. डावरीने अजून खेळणं सोडल्याचं जाहीर केलेलं नाही. पहिल्या सात जागी कोण येईल हे मला अजून सांगता येत नाही, त्यासाठी थेट प्रवेशाची यादी यावी लागेल. आठवं नाव लिहून झालंय.